मार्च हुकला तर ऑक्टोबर

अबकैक,
१२ ऑगस्ट १९९०

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रेडिओवर कुवेतची बातमी ऐकून तू घाबरली असशील, म्हणून आधी तेच लिहिते. आम्ही दोघं ठीक आहोत. मुंबईहून देवरुख जेवढं लांब, जवळपास तेवढंच इथून कुवेत. ज्ञानेशचा प्लांट नेहमीसारखा चालू आहे, तो सकाळी सहाला बसने जातो आणि चारला परत येतो. मी दिवसभर घरात. कॅम्पाची भिंत बाराशे पावलं आहे, रोज संध्याकाळी तिच्या कडेने दोन फेऱ्या मारते. भिंतीबाहेर बाईमाणसाने एकटीने जायचं नाही आणि दुकटीने जावं असं बाहेर काही नाही.

माझं विमान २५ ऑगस्टचं आहे. नेहमीप्रमाणे मुंबईवरून अमेरिकेला जाईन, तू चार दिवस दादरला येऊन राहा. कुवेतमुळे इथून बाहेर पडणाऱ्यांची झुंबड उडाली आहे. बायकोच्या पासपोर्टवर बाहेर जाण्याचा शिक्का हवा तर नवऱ्याने कंपनीकडे अर्ज करायचा आणि कंपनीने तो पासपोर्ट कचेरीत न्यायचा, अशी इथली, सौदीतली पद्धत. पासपोर्टही कंपनीच्याच कपाटात. ज्ञानेश म्हणतो, अर्ज पाच तारखेलाच दिला आहे, गर्दी आहे, थोडा वेळ लागेल.

तू प्रत्येक पत्रात विचारतेस की चार वर्षं झाली, अजून परीक्षा कसली उरली आहे. आता शेवटचं सांगते, नीट वाच आणि भाऊजींनाही वाचून दाखव. आमच्याकडे डॉक्टर व्हायचं तर आधी वर्गातले विषय, एक मुख्य आणि एक जोडविषय. ते झाले. सलग दोन सत्रं विद्यापीठात राहून पूर्ण वेळ शिकायचं, तेही झालं. मग तीन दिवसांची लेखी. ती मी १८ मेला पास झाले आणि तू शाळेत पेढे वाटलेस. आता तोंडी. पाच प्राध्यापक समोर बसतात, तीन मुख्य विषयाचे आणि दोन जोडविषयाचे, आणि तीन तास वाटेल ते विचारतात. त्यांचं समाधान झालं की मी 'उमेदवार' होते. म्हणजे चार वर्षं घासून नुसती उमेदवार, हसू नकोस. त्यापुढे प्रबंध आणि मग पुन्हा त्याच पाच जणांसमोर तो पटवून द्यायचा.

तोंडी लेखीनंतर सहा महिन्यांच्या आत व्हावी लागते. नाही झाली तर लेखी रद्द. माझी १० ऑक्टोबरला ठरली आहे. त्यामुळे २५ तारखेला मला निघायलाच हवं, हे तुझ्या लक्षात येईल.

भाऊजींना नमस्कार.
तुझी संपी


देवरुख,
३० ऑगस्ट १९९०

चि. संपीस,
अनेक आशीर्वाद.

तू निघाली असतीस तर आत्तापर्यंत माझ्या हातचं जेवून वर तक्रारही केली असतीस. पंचवीस तारीख गेली, तार नाही, म्हणजे तिथेच आहेस असं धरून लिहिते.

तुझं उमेदवारीचं पुराण ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, आपल्या पंचायतीच्या निवडणुकीत उमेदवार व्हायला एवढं लागत नाही. मी म्हटलं, आमची पोरगी रांगांचा अभ्यास करते, मी तीस वर्षं रॉकेलच्या रांगेत उभी राहिले तर मला कुणी अर्धी पदवीसुद्धा दिली नाही. मशीनवर किती माल थांबतो आणि बंदरात किती जहाजं थांबतात हे मोजून माणूस डॉक्टर होतो, हे मी स्टाफरूममध्ये सांगितलं की सगळ्या माझ्याकडे बघत बसतात.

पण खरं सांगू का, इतकी काळजी करू नकोस. लग्नाला सहा वर्षं झाली आणि तुम्ही दोघं एका छपराखाली राहिलात ते उन्हाळ्याच्या सुट्टीतले दोन-दोन महिने. यंदा दैवानेच थोडे दिवस वाढवून दिलेत असं समज. आमच्या शाळेत मार्च हुकला तर ऑक्टोबर असतोच, कुणाचं आयुष्य थांबत नाही. तुझे ते पाच प्राध्यापकही माणसंच असतील.

ज्ञानेशरावांच्या मागे लागू नकोस. शांत माणूस आहे, त्यांच्यावर आधीच कामाचा ताण असेल. नीट जेवत जा.

तुझी ताई


अबकैक,
२६ सप्टेंबर १९९०

ती. ताईस,
शि. सा. न.

ताई, तिथे ऑक्टोबर नसतो. मी तुला दहा वेळा सांगितलं असेल. तिथे नियम छापलेला असतो आणि तो सगळ्यांना सारखा.

तिकीट गेलं. कागद अजून आलेला नाही. मी गाइडना सगळं कळवलं होतं, त्यांचं उत्तर दहा दिवसांपूर्वी आलं. माणूस चांगला आहे, त्यांनी विभागाच्या समितीपुढे माझा विषय काढला. समिती म्हणते, युद्धाची परिस्थिती आहे, म्हणून मुदत १८ नोव्हेंबरवरून १५ मार्चपर्यंत वाढवू. पण उमेदवार स्वतःच्या हयगयीने थांबलेली नाही याचा पुरावा द्यावा. देश सोडण्यासाठी केलेल्या अर्जाची तारीख आणि शिक्का असलेली पोच १५ डिसेंबरच्या आत त्यांच्या हातात पडली पाहिजे. १५ मार्चनंतर पुन्हा वाढ नाही.

मला हायसं वाटलं. पोच मागायला काय लागतं? ज्ञानेशला सांगितलं तर म्हणाला, ती जलालकडे आहे. जलाल म्हणजे कंपनीच्या ऑफिसात पासपोर्टचं काम बघणारा रत्नागिरीचा माणूस, आमच्या मागच्या ओळीत राहतो. चार दिवसांनी विचारलं तर म्हणाला, जलाल दमामला गेला आहे. नंतर म्हणाला, बघतो. आता मी विचारलं की तो टीव्ही मोठा करतो.

घरात बसून माझं डोकं फिरायची वेळ आली आहे. बायकांची बस गुरुवारी खोबरच्या बाजाराला जाते, ती पंधरा दिवस बंद आहे. पुस्तकं अमेरिकेत. सोबत आणलेल्या टिपणांतली गणितं तीनदा सोडवून झाली. काल मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून फाटकातून आत येणाऱ्या गाड्या तासभर मोजल्या. मग सुचलं की आपल्याला जे येतं ते करावं. कॅम्पातल्या बायकांना विचारायला सुरुवात केली आहे की तुमचा अर्ज कधी गेला आणि शिक्का कधी मिळाला. कुठे अडतंय ते कळलं तर तिथे जाऊन बोलता येईल.

तुझी संपी


देवरुख,
१४ ऑक्टोबर १९९०

चि. संपीस,
अ. आ.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

त्या बायकांना विचारत फिरण्याचा उद्योग सोड, असं मी सांगते. परक्या मुलखात चार लोकांत चर्चा होते आणि मग ती नवऱ्याच्या ऑफिसात पोचते. ज्ञानेशराव खोटं बोलणाऱ्यातले नाहीत. त्यांनी बघतो म्हटलं आहे तर बघतील. पुरुषांना एकच गोष्ट रोज विचारली की ते बहिरे होतात, तुझे भाऊजी पंधरा वर्षांपूर्वीच झाले.

मार्चपर्यंत मुदत मिळाली आहे ना, मग घाई कसली? पाच महिने आहेत. तोवर घर मांड, पडदे शिव, काहीतरी गोडधोड कर. तू दहा वर्षांची होतीस तेव्हापासून मी तुला वाढवलं, तुझ्या भल्याचं मला कळत नाही असं तर तू म्हणणार नाहीस.

माझी थोडी झोप उडाली आहे, पण ते वयाचं आहे.

ताई


अबकैक,
२६ नोव्हेंबर १९९०

ती. ताईस,

तू सोड म्हणालीस, मी सोडलं नाही. बरं झालं सोडलं नाही.

माझ्या वहीत तेवीस घरं झाली. ऑगस्टपासून अर्ज केलेली तेवीस माणसं, केरळची, हैदराबादची, आपल्याकडची. अर्ज आणि शिक्का यांत सरासरी अकरा दिवस. सगळ्यात जास्त सव्वीस. माझे एकशे सात. ताई, रांग कितीही वाईट असली तरी अशी वागत नाही. माझ्यामागून आलेली तेवीस माणसं पुढे गेली आणि मी एकटी उभी, याचा अर्थ एकच होतो. मी रांगेत नाहीच.

हे कागदावर दिसत असूनही दोन दिवस मी ते मानलं नाही. आकडे पुन्हा तपासले. मग मागच्या ओळीत नबीलाकडे गेले, जलालच्या बायकोकडे. तिने मला बसवलं, सांदणं पुढे केली. म्हणाली, "खा गो आधी. किती उतरलीस." मी विचारलं, माझा अर्ज तुझ्या नवऱ्याने पाहिलाय का? ती ताटली पुसत राहिली. "तुमच्या घरातली गोष्ट आहे, मी कशाला तोंड घालू?" मी म्हटलं, घरातली म्हणालीस तेव्हाच तू तोंड घातलंस. तिचे डोळे भरले. आतल्या खोलीत जलाल होता. परक्या बाईसमोर तो येत नाही, पण दाराआडून त्याचा आवाज आला, "वहिनी, आवकजावक रजिस्टर मी लिहितो. त्यात तुमचं नाव मला तरी दिसलेलं नाही. खलास. मी यापेक्षा जास्त बोललो नाही."

ज्ञानेश चारला आला. मी वही त्याच्यासमोर उघडून ठेवली. त्याने पूर्ण वाचली, शेवटच्या आकड्यापर्यंत. मला वाटलं ओरडेल. तो नुसता खाली बघत म्हणाला, "मी अर्ज केलेला नाही." का, म्हणून मी किती वेळा विचारलं ते मोजलं नाही. शेवटी एवढंच बोलला, "मोठ्या माणसाला शब्द दिला होता. एका सत्रापुरता. मग लढाईचं आलं आणि मला सांगताच येईना."

मोठं माणूस कोण ते सांगायला मला प्राध्यापक लागत नाहीत. पालशेतला बसून सासूबाईंना नातवंडाची घाई झाली आहे. पत्र लिहिता येत नाही तरी कुणाकडून तरी लिहून घेतलं असणार. मी त्यांना कालच पत्र टाकलं. जे मनात होतं ते सगळं लिहिलं, काही राखलं नाही. तुम्ही माझ्या चार वर्षांवर बसलात, असंही लिहिलं.

अर्ज परवा, २४ तारखेला झाला. मी स्वतः ज्ञानेशबरोबर ऑफिसच्या दारापर्यंत गेले. पोचेची प्रत कुरिअरने विभागाकडे गेली, मुदतीच्या आत पोचेल. अर्जाची तारीख एवढी उशिराची का, ते गाइडना खरं खरं कळवलं. लाज माझी नाही, पण लिहिताना वाटली.

तू एकटीच आहेस जिला मी हे लिहू शकते.

तुझी संपी


देवरुख,
१२ डिसेंबर १९९०

चि. संपीस,
अ. आ.

तुझं पत्र आल्यापासून मी दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही कागद फाडले.

सासूबाईंना दोष देऊ नकोस. त्यांच्या मनात तसं काही नसेल. म्हाताऱ्या माणसाला असं पत्र जायला नको होतं. पुढे सावकाश बोलू.

आता फक्त एक कर. मिळेल त्या विमानाने नीघ. कुवेत सोडायला इराकला पंधरा जानेवारीची तारीख दिली आहे म्हणतात, त्यानंतर काय होईल ते कुणालाच माहीत नाही. मुंबई नाही तर दुसरीकडून जा, पण नीघ. मी ज्ञानेशरावांना तार केली आहे. मी रोज सकाळी बातम्या लावते आणि शाळेला उशीर होतो.

तोंडी परीक्षेचा अभ्यास करतेस ना?

ताई


अबकैक,
१२ जानेवारी १९९१

ती. ताईस,
शि. सा. न.

शिक्का मिळाला. तीन दिवसांपूर्वी. आता सगळं सविस्तर लिहिते कारण पाय जमिनीवर ठरत नाहीत.

अर्ज गेला आणि पाच दिवसांत ती पंधरा जानेवारीची मुदत जाहीर झाली, आणि सगळा कॅम्प ऑफिसच्या दारात. त्यात कंपनीने नियम काढला की प्लांटवरच्या माणसांच्या प्रत्येक कागदावर मोठ्या साहेबांची सही हवी. १ डिसेंबरला जलालने नबीलाकरवी आकडा पाठवला, माझ्यापुढे दोनशे सत्तर, शुक्रवार सोडून रोज आठ सुटतात. मी वहीत लिहून ठेवलं, ८ जानेवारी. शिक्का आला ९ तारखेला. एका दिवसाने चुकले. गाइडना हा हिशेब डिसेंबरातच कळवला होता, त्यांनी उलट लिहिलं की तोंडीला पहिला प्रश्न हाच विचारीन.

मुदतवाढ मंजूर झाली आहे. तोंडी ६ फेब्रुवारीला. दहरानहून १७ जानेवारीचं विमान मिळालं, संध्याकाळचं, मुंबईचं. तू ये. मी तुझ्याशी नीट बोलले नाही महिनाभर, तुझी ती दोन ओळींची पत्रं मला आवडली नाहीत, पण भेटल्यावर भांडू.

ज्ञानेश माझी बॅग भरतो आहे. काल म्हणाला, "परत येशील का?" मी म्हटलं, आधी जाऊ तर दे. मला त्याचा अजून राग आहे आणि तो एकटा इथे राहणार याची काळजीही वाटते, दोन्ही एकदम होतं.

खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या आहेत. विषारी वायू आला तर स्वयंपाकघराचं दार ओल्या टॉवेलने बंद करायचं, ते शिकवून गेले. पण ते मी करणार नाही, मी तेव्हा तुझ्याकडे असेन.

तुझी संपी


देवरुख,
२१ जानेवारी १९९१

चि. संपदा,

मी सोळा तारखेलाच दादरला आले होते. सतरा तारखेला सकाळी रेडिओवर ऐकलं की पहाटे लढाई सुरू झाली आणि विमानं बंद. तरी संध्याकाळी सहारला गेले. तिथे माझ्यासारखी पुष्कळ माणसं उभी होती. रात्रभर बसून परत आले. दहरानवर क्षेपणास्त्रं पडतात असं रोज सांगतात. हे पत्र तुला मिळेल की नाही, मिळालं तर तू ते वाचायला असशील की नाही, हे मला माहीत नाही. म्हणून आता लिहिते. आधी लिहायला हवं होतं.

सासूबाईंचा काही दोष नाही. ज्ञानेशरावांना पत्र मी लिहिलं होतं. वीस जुलैला, कुवेतचं नावही नव्हतं तेव्हा.

मी लिहिलं की संपदा आली आहे तर तिला ठेवून घ्या. सहा महिने, एक सत्र. सहा वर्षांत तुमचा संसार झालेला नाही. ती आपणहून राहणार नाही, तेव्हा कागदाला उशीर झाला असं सांगा. मी तिची थोरली आहे, माझी जबाबदारी. त्यांचं उत्तर आलं, "ताई, तुमचा शब्द मोडवत नाही." त्या माणसाने माझ्यावर ढकलून मोकळं व्हायला हवं होतं, तो झाला नाही.

परीक्षेचं मला खरंच कळलं नव्हतं. आमच्या मुलांचा मार्च हुकला की मी त्यांना सांगते, ऑक्टोबरला बसा. मला वाटलं तुझंही तसंच असेल, सहा महिने इकडे तिकडे. तुझं सप्टेंबरचं पत्र आल्यावर कळलं. तेव्हाच त्यांना लिहून सोडवता आलं असतं. मी लिहिलं नाही. मुदत वाढली आहे, अजून पाच महिने आहेत, असं स्वतःला सांगितलं.

आणि नोव्हेंबरात तू सासूबाईंवर आळ घेतलास तेव्हा मी गप्प बसले. हे मला सगळ्यात वाईट वाटतं. मला सुटल्यासारखं झालं होतं.

संसाराचं मी लिहिलं ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. मला भीती वाटत होती. दर वर्षी तू जरा जास्त परकी होऊन येतेस. डॉक्टर झालीस की तिकडेच राहशील. ज्ञानेशरावांकडेही येणार नाहीस आणि माझ्याकडेही नाही. मला मूल नाही, तूच आहेस. तुला धरून ठेवायला मी जी जागा निवडली तिथे आता बॉम्ब पडतात.

जिवंत राहा. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल.

अनुराधा


देवरुख,
९ मार्च १९९१

चि. संपदास,
अ. आ.

लढाई थांबली. ज्ञानेशरावांची तार आली, दोघे सुखरूप. तुझं पत्र नाही. माझं मिळालं असेल, असं त्यावरून समजते.

मी गेल्या रविवारी पालशेतला जाऊन आले. तुझ्या सासूबाईंना, ठकूबाईंना, सगळं सांगितलं. त्या अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पोस्टमनाक चार ओळी वाचूक दिलंय. मगे म्हटलंय, पुढचा वाचू नको. पोर घाबरलेली हा, रागान लिवल्यान." तुझं पत्र त्यांनी तांदळाच्या डब्यात ठेवलं आहे. पोराला त्यातलं काही कळवलं नाही, तिथे त्याच्या जिवाला घोर नको म्हणून. तीन महिने त्या ते पोटात घेऊन बसल्या आणि मला वर घावणे खाऊ घातले.

पंधरा मार्चला सहा दिवस आहेत. विमानं सुरू झाली का? जेद्दाहून चालू आहेत असं इथे कुणी म्हणालं. तू निघालीस का? एक ओळ लिही.

ताई


अबकैक,
२ एप्रिल १९९१

ती. ताईस,
नमस्कार.

तुझं जानेवारीचं पत्र मला १८ फेब्रुवारीला मिळालं. मार्चचंही मिळालं. उत्तर दिलं नाही कारण प्रत्येक वेळी लिहायला घेतलं की जे लिहावंसं वाटे ते सासूबाईंना एकदा लिहून झालं होतं, आणि चुकीच्या माणसाला.

जेद्दाहून विमानं चालू होती, खरं आहे. पण जेद्दा इथून अख्खा देश ओलांडून. प्लांट सोडून जायची ज्ञानेशला परवानगी नव्हती आणि त्याच्याशिवाय मला रस्त्याने जाता येत नाही. पासपोर्टवर शिक्का होता. तो घेऊन मी दीड महिना स्वयंपाकघरात बसले. भोंगा झाला की दाराच्या फटीला ओला टॉवेल लावायचा. विषारी वायूपासूनचा मुखवटा कंपनीने कामगाराला दिला होता, बायकांना नाही. ज्ञानेश तो मला देई, मी घेत नसे, मग तो दोघांच्या मध्ये टेबलावर राही. तुझं पत्र मी तिथेच त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. विचारलं, हे मला का नाही सांगितलंस? मी तुझ्या आईला शिव्या घातल्या तेव्हाही? तो म्हणाला, "ताईंना तुझ्याशिवाय कोण आहे? तू त्यांना तोडलं असतंस."

तुम्ही दोघांनी, आणि पालशेतला तिसरीने, एकमेकांची किती काळजी घेतली. सगळ्यांनी सगळ्यांना सांभाळलं. माझं काय करायचं हे मला विचारायचं तेवढं राहिलं.

१५ मार्चला मी इथेच होते. सकाळी उठून आंघोळ केली, टिपणं घेऊन टेबलाशी बसले आणि तीन तास बसून राहिले. विभागाचं पत्र गेल्या आठवड्यात आलं. लेखी रद्द झाली आहे. ऑगस्टमध्ये नव्याने द्यायची, तीनही दिवस, मग पुन्हा सहा महिन्यांत तोंडी. माझी सहायकाची जागा दुसऱ्याला गेली. गाइड या वर्षअखेर निवृत्त होत आहेत, ते माझ्या पाचांत नसतील. मी जाणार आहे. पहिल्या पायरीपासून.

सासूबाईंना मी वेगळं पत्र लिहिलं आहे. ते पोस्टमनला पूर्ण वाचू द्या, असं वर लिहिलं आहे. ज्ञानेशचं आणि माझं पुढे काय, ते आम्ही दोघं ठरवू, इथे बोलणं सुरू झालं आहे. तू त्याला पत्र लिहू नकोस.

मी तुझ्यावर रागावले आहे, ताई. तू घाबरली होतीस ते मला समजतं, आणि समजूनही राग जात नाही. रोज सकाळी वाटतं आज कमी होईल. मला तुझी आठवणही येते. फेब्रुवारीत भोंगा झाला की पहिली तूच आठवायचीस, आणि मग तुझं पत्र आठवायचं.

जलालने काल पासपोर्ट आणून दिला. या वेळी दाराआडून नाही, समोर उभा राहून, माझ्या हातात. विमान ६ एप्रिलचं आहे, संध्याकाळचं.

तू दादरला येशील, तुझ्या स्वभावाप्रमाणे आधीच रजा टाकली असशील. येऊ नकोस. मी लंडनवरून जाते आहे.

संपदा